फुप्फुस कापायला पॅकेज आहे, श्वासाला नाही

फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरी गेले की मी आधी त्याची खाट बघते. पंख्याखाली भिंतीला लावलेली, उशाशी तांब्या-भांडं, हाताशी रिमोट, समोर टीव्ही. खिडकी बंद, कारण ‘वारं लागेल’. उठावं लागेल असं एकही कारण घरच्यांनी शिल्लक ठेवलेलं नसतं. मुलगा दारातच बजावतो, ‘मॅडम, आबांना जास्त हलवू नका बरं का, अर्धं फुप्फुस काढलंय.’ आणि आबा छातीच्या वरच्या चार बोटांत श्वास घेत पडलेले असतात, जपून, काटकसरीनं, जणू जास्त घेतला तर संपेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गारखेडा भागात माझं लहानसं क्लिनिक आहे, छातीच्या रुग्णांचं काम जास्त करते, बोलावलं तर सिडको-हडकोपासून वाळूजपर्यंत घरीही जाते. संभाजीनगरात कॅन्सरच्या उपचारांची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी झाली आहे. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला कॅन्सर म्हटलं की देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट आणि परळच्या टाटाच्या आसपासचा फूटपाथ हेच डोळ्यांसमोर यायचं. आजही अवघड ऑपरेशनसाठी मुंबई-पुण्याला जाणारे आहेतच. पण ऑपरेशन कुठेही होवो, माणूस परत येतो तो पैठणला, सिल्लोडला, नाही तर मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत. तिथून पुढे त्याच्या श्वासाचा वाली कोणी नसतो. गाठ काढण्याची जबाबदारी डॉक्टरांनी घेतलेली असते, खर्चाची जबाबदारी शासनाच्या आरोग्य योजनेनं घेतलेली असते, श्वासाची जबाबदारी मात्र आपसूक खाटेवर येऊन पडते.

आधी ऑपरेशनचं गणित सांगते, कारण घरच्यांची निम्मी भीती गणितानं कमी होते. ‘अर्धं फुप्फुस काढलं’ असं जे म्हणतात, ते बहुतेक वेळा अर्धं नसतं. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. सर्जन त्यांना लोब म्हणतात. या पाच लोबचे आणखी लहान भाग करून हिशेबासाठी ते एकूण १९ धरतात. उजवा वरचा लोब काढला तर त्यातले ३ गेले, उजवा खालचा काढला तर ५. समजा, ऑपरेशनआधी माणूस जोरात फुंकून पहिल्या एका सेकंदात २ लिटर हवा बाहेर टाकत होता. उजवा वरचा लोब गेल्यावर १९ पैकी १६ भाग उरले, म्हणजे साधारण १.७ लिटर हवा तो टाकू शकायला हवा. सर्जन ऑपरेशनच्या आधीच हा हिशेब मांडतात आणि आकडा फारच खाली जाणार असेल तर सुरी उचलत नाहीत किंवा काढायचा भाग लहान ठेवतात. जिथे शंका असते तिथे जिना चढायला लावतात. २२ मीटर उंची, म्हणजे सातेक मजले, न थांबता चढणाऱ्याला ऑपरेशन बहुधा झेपतं, असा अनुभव आहे. मला ही जिन्याची परीक्षा फार आवडते; तिला वीज लागत नाही.

पण ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात मोजलं तर हा १.७ लिटरचा आकडा कुठेच दिसत नाही. त्याहून बराच कमी भरतो. फुप्फुस तेवढंच असतं; ते उघडत नसतं, एवढंच. बरगड्यांमधून केलेली चीर दुखते, छातीत नळी असते, नळीला पाण्याची बाटली जोडलेली. खोकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून माणूस खोकत नाही. खोल श्वास घेतला की टोचतं, म्हणून तो खोल घेत नाही. भुलीनं आणि दुखण्यानं छातीचा पडदाही आळसावलेला असतो. परिणामी फुप्फुसाचा तळ मिटून बसतो, तिथे कफ साचतो आणि साचलेल्या कफात न्यूमोनिया घर करतो. ऑपरेशन उत्तम होऊन माणूस त्यानंतरच्या न्यूमोनियानं आयसीयूत गेला, हे आमच्या धंद्यात प्रत्येकानं पाहिलेलं असतं.

हा घाट ओलांडला की चित्र बदलतं. तीन ते सहा महिन्यांत फुंकण्याचा आकडा वर सरकतो. एक लोब काढलेल्यांत शेवटी सरासरी दहा-पंधरा टक्क्यांची तूट राहते. एका बाजूचं अख्खं फुप्फुस काढलेल्यांत ती तिसाच्या पुढे जाते. मोठ्या माणसात नवं फुप्फुस उगवत नाही. उरलेलं पसरतं, खालचा पडदा वर सरकतो, हृदय आणि मधला सगळा पसारा रिकाम्या बाजूकडे कलतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका बाईची नोंद आली होती. तरुणपणी तिचं उजवं फुप्फुस काढलं होतं आणि पंधरा वर्षांनी डाव्यात नवे वायुकोश तयार झाल्याच्या खुणा सापडल्या. डॉक्टरमंडळींत त्यावर खूप चर्चा झाली. पण साठी उलटलेल्या, चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाला मी त्या बाईच्या भरवशावर सोडू शकत नाही.

फुंकण्याच्या आकड्यापेक्षा मला चालण्याचा आकडा महत्त्वाचा वाटतो. लोब काढलेल्या माणसाची श्रम करण्याची ताकद सहा महिन्यांत पूर्वीच्या जवळपास येऊ शकते. तिच्यातली घट फुप्फुसाच्या घटीपेक्षा पुष्कळदा कमी असते. असे कितीतरी रुग्ण जिना चढताना थांबतात ते श्वास संपला म्हणून नव्हे, तर मांड्या भरून आल्या म्हणून. दोन महिने खाटेवर पडलेल्या मांडीला थोड्या कामालाही जास्त हवा लागते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते म्हणतात, ‘दम लागायलाय मॅडम, फुप्फुस कमी झालंय ना.’ फुप्फुस थोडंसं कमी झालेलं असतं. पाय मात्र बरेच गेलेले असतात.

रुग्णांना मी एक जुनी हकीगत सांगते. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जननं जेम्स गिलमोर यांचं अख्खं डावं फुप्फुस कॅन्सरसाठी काढलं. असं ऑपरेशन एका बैठकीत होऊन माणूस जगण्याची ही पहिलीच वेळ. गिलमोर स्वतः डॉक्टर होते. बरे होऊन ते पुन्हा दवाखान्यात जाऊ लागले, बाळंतपणं करू लागले आणि एका फुप्फुसावर तीस वर्षं जगून १९६३ मध्ये गेले. ग्रॅहम सिगारेट ओढायचे. १९५० मध्ये अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा निबंध छापला, पुढे सिगारेट सोडलीही. पण तोवर उशीर झाला होता. १९५७ मध्ये ग्रॅहम फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले, त्यांच्या रुग्णाच्या सहा वर्षं आधी. हे ऐकलं की बिडीवाले काका थोडा वेळ गप्प बसतात. मग विचारतात, ‘एका फुप्फुसावर तीस वर्षं?’ मला तोच प्रश्न हवा असतो.

आता तीन चेंडूंच्या यंत्राविषयी. कोरोनात हे प्लॅस्टिकचं खेळणं घरोघरी पोचलं आणि आता कपाटावर धूळ खात पडलं आहे. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. ऑपरेशननंतर ते रुग्णाच्या हातात दिलं जातं, आणि पिशवीतून बाहेर न काढलेलं यंत्र मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. ज्यांनी काढलेलं असतं त्यांतले बरेच जण त्यात फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. सावकाश, आणि वर गेलेला चेंडू क्षणभर वर धरून ठेवायचा. पण घरात स्पर्धा लागते, ‘आज किती चेंडू गेले?’ मग माणूस झटका मारून तिन्ही चेंडू उडवतो. टाळ्या पडतात आणि फुप्फुसाचा तळ जिथल्या तिथे राहतो. माझं मत स्पष्ट आहे, आणि अभ्यासांतही तेच दिसलं आहे: कोणी समोर बसून करून घेतलेले साधे खोल श्वास आणि लवकर सुरू केलेलं चालणं यांच्यावर हे यंत्र फारशी भर घालत नाही. त्याला मी बंदी घालणार नाही. पण यंत्र दिलं म्हणजे फिजिओथेरपी झाली, हा समज आधी डॉक्टरांनी सोडावा.

खोकायचं कसं, हे शिकवायला मला पाच मिनिटं लागतात. उशी छातीच्या जखमेवर घट्ट धरायची आणि चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर हाऽऽ करतो तसा तोंड उघडून श्वास सोडायचा. कफ सरकतो आणि टाके ओढले जात नाहीत. जिना चढताना पायरीवर पाऊल टाकतेवेळी श्वास सोडायचा, ओठांचा चंबू करून. ऑपरेशनच्या बाजूचा हात रोज डोक्यावर न्यायचा, नाहीतर खांदा धरतो आणि बाई काही महिन्यांनंतर सांगते की वेणी घालता येत नाही. कपालभाती सर्जननी हो म्हणेपर्यंत नको. टीव्हीवरचे गुरुजी रागावले तरी चालेल.

आणि ऑक्सिमीटर. तोही कोरोनाचा वारसा. ‘मॅडम, सकाळी ९६ होता, आता ९४ दाखवतोय, गाडी काढू का?’ थंड बोटाला, मेंदी लावलेल्या नखाला तो काहीही दाखवतो. शिवाय दम लागणं आणि शरीरात प्राणवायू कमी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना थोडा दम लागायलाच हवा. त्याशिवाय मांड्या आणि छातीचा पडदा शिकत नाहीत. माझं माप साधं आहे: चालता चालता दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येता कामा नये. बिडकीनकडचे एक भजनी काका यावर माझ्याशी भांडले. म्हणाले, ‘गाता येणार नसेल तर चालून करू काय?’ मग आम्ही तडजोड केली. सकाळी चालायचं, संध्याकाळी बसून टाळ घेऊन अभंग. एक चरण एका श्वासात जातो का, हे त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. माझ्या वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्यांचं ते माप खरं होतं, कारण त्यांना श्वास हवा होता तो त्यासाठीच. दम मात्र अचानक वाढला, एकाच पोटरीला सूज आली, ताप भरला, खोकल्यातून रक्त पडलं, तर व्यायाम बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. हे मी पहिल्याच दिवशी, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगते.

पुरुषांना खाटेवरून उठवण्यासाठी मी भांडते आणि बायकांना बसवण्यासाठी. सिल्लोडकडच्या एक मावशी, आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या. फुप्फुसाचा कॅन्सर म्हटल्यावर गावानं आधी नवऱ्याला विचारलं, ‘ओढत होती का?’ बिडी न ओढणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्यामागचं एक मान्य कारण आहे. मावशींच्या घरी सिलेंडर आहे, पण तो चहासाठी आणि पाहुण्यांसाठी, भाकरी चुलीवरच. लोब काढून आलेली बाई पुन्हा त्याच धुरात बसते, आणि ऑपरेशनवर झालेला सगळा खर्च रोज दोन वेळा थोडा थोडा चुलीत जातो. शहरातल्या बाईचं दुखणं वेगळं. आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं आणि आलं की सगळं घर हंडे-कळशा घेऊन धावतं. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाईनं सहा-आठ आठवडे जड उचलायचं नाही. पण पाणी रात्री दोनला आलं आणि मुलगा कंपनीत नाइट शिफ्टला असला, तर हंडा कोण उचलतं हे मला विचारायची गरज नसते. पाइपलाइनसाठी उकरलेल्या रस्त्यांच्या धुळीविषयी मी बोलत नाही. त्यावर संपादकीयं येऊन गेली आहेत.

कोणी म्हणेल, असे रुग्ण आहेतच किती? खरं आहे, थोडे आहेत. आपल्याकडे छातीच्या फोटोत डाग दिसला की आधी क्षयाची औषधं सुरू होण्याची चाल आहे. त्यात महिने जातात आणि गाठ कळते तेव्हा बहुतेकांचा आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणूनच जे थोडे वेळेत पोचले, ज्यांच्यावर एवढं मोठं ऑपरेशन करता आलं, त्यांचा श्वास खाटेवर वाया घालवणं मला पटत नाही.

पैशाचा मुद्दा इथे येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं आणि आता आयुष्मान भारतच्या जोडीनं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. या योजनेमुळे माझ्या कित्येक रुग्णांची जमीन विकायची वाचली. तिच्यावर टीका करताना हे मी विसरत नाही. पण तिच्या पॅकेजची रचना पाहा. ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण, घरी जायचं एसटीचं भाडं, आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा. आयुष्मान भारतमध्ये हा पाठपुरावा १५ दिवसांचा धरलेला आहे. अपेंडिक्ससाठी १० दिवस पुरतात. फुप्फुसाला तीन ते सहा महिने लागतात हे सर्जनला माहीत आहे, पण पॅकेजला माहीत नाही. दहाव्या दिवशी माणूस जेमतेम टाके दाखवायला आलेला असतो, उशी छातीशी धरून.

ऑपरेशनच्या आधीचे दिवसही असेच फुकट जातात. निदान झाल्यापासून तारीख मिळेपर्यंत आठवडे निघतात. त्या काळात माणूस घाबरून अंथरूण धरतो, जेवण सोडतो. याच दिवसांत रोज चालणं, जिना आणि श्वासाचे व्यायाम करून घेतले तर ऑपरेशननंतरचे फुप्फुसाचे त्रास स्पष्टपणे कमी होतात, असा पुरावा आता चांगला जमला आहे. बिडी सोडवण्यासाठीही याहून चांगला मुहूर्त नाही, कारण तेव्हा माणूस खरंच ऐकतो.

माझी मागणी मोठी नाही. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे तीन महिने श्वासाच्या पुनर्वसनाचे धरा. आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेचा एक हिस्सा राखून ठेवा. तीन महिन्यांनी रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालला, याची नोंद आली की तो हिस्सा सोडा. असं झालं तर माझ्यासारखीला रुग्णामागे फोन करत फिरावं लागणार नाही, रुग्णालयच फोन करेल. माझे काही सर्जन मित्र यावर चिडतात. म्हणतात, योजनेचे पैसे तसेही उशिरा मिळतात, त्यात तू आणखी एक अट घालतेस. त्यांचा राग मला कळतो. मग राखलेल्या हिश्शाला मुदत घाला आणि उशीर झाला तर शासनानं व्याज द्यावं. पण अट नको म्हणून तीन महिन्यांनी माणूस चालतो की नाही हे कोणीच बघायचं नाही, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहे कुठे? सगळीकडे नाही, हे मी रोज पाहते. पण या शहरात फिजिओथेरपीचं शिक्षण मिळतं, अभ्यासक्रमाच्या शेवटी इंटर्नशिप असते, आणि ती मुलं बहुतेक वेळ शहरातल्याच रुग्णालयांत गुडघे आणि कंबरा शेकतात. त्यांना आळीपाळीनं ग्रामीण रुग्णालयांत पाठवा. छातीचा रुग्ण हाताळायला शिकतील, आणि कफाचा आवाज कानानं ओळखायला शिकतील, जे शहरात मशीनच्या आवाजात शिकता येत नाही. सहा मिनिटांच्या चाचणीला तीस मीटरचा सपाट व्हरांडा लागतो, दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि तो जुनाच ऑक्सिमीटर. असा व्हरांडा कन्नडला आहे, वैजापूरला आहे, पैठणला आहे.

राहता राहिला प्रश्न रुग्ण तिथवर येईल का, हा. डिस्चार्जच्या दिवशी योजना त्याला घरी जायचं एसटीचं भाडं देतेच. तसंच आणखी एक तिकीट, गावापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचं आणि परतीचं, तीन महिन्यांनंतरच्या तारखेचं, डिस्चार्ज कार्डाला टाचून द्या. तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, आणि खाली रुग्णाच्या नावाबरोबर घरातल्या त्या माणसाचं नाव लिहा, ज्यानं त्याला चालवत आणायचं आहे.